दुसऱ्याच्या छत्रीची घडी

गेल्या नाताळात आमचा भाचा अमेरिकेहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक जाडजूड पिशवी होती. विमानप्रवासात ती त्याने इतर सामानाबरोबर दिली नव्हती. डोळ्यांसमोरच ठेवली होती. घरातली मुले खाऊच्या आशेने तिच्याभोवती जमली, परंतु आतून निघाले ते निळ्या-पांढऱ्या नायलॉनचे प्रचंड कापड आणि बारीक, चिवट दोऱ्यांचा जुडगा. विमानातून उडी मारण्याचा छंद तिकडे त्याला जडला आहे. तिकडच्या संघटनेचा पहिला परवाना हाती पडायचा तर किमान पंचवीस उड्या माराव्या लागतात, आणि कोणाच्या मदतीवाचून आपली छत्री बांधता आली पाहिजे, असा दंडक आहे. तो त्याने पुरा केला आहे. पोराच्या या छंदाविषयी आमच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, काय वाटते ते येथे लिहीत नाही. मातांना ते सांगावे लागणार नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याने पहिली उडी मारली, ती एका शिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधून घेऊन. त्या रात्री त्याने मोठ्या उत्साहाने फोन केला. ताईने सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “त्या छत्रीची घडी कोणी घातली होती?” त्याला ते ठाऊक नव्हते. विचारावे असे त्याला सुचलेही नव्हते. हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून होता, आणि या नाताळात अंगणात ती छत्री पसरलेली पाहिली तेव्हा तो पुन्हा वर आला.

अंगण झाडून त्याने चटया अंथरल्या, त्याही घराच्या सावलीत. कारण उन्हाने नायलॉनचे बळ कमी होते. आम्हांला वाटे, छत्री म्हणजे घुमटासारखी गोल. परंतु डोमिना जॅल्बर्ट या अमेरिकी संशोधकाने १९६४ साली जी रचना शोधून काढली, तिच्यापासून हल्लीची छत्री लांबट चौकोनी झाली आहे. कापडाचे दोन थर, मध्ये उभे पडदे शिवून केलेले कप्पे, पुढची तोंडे उघडी. वारा आत शिरला की तिचा पक्ष्याच्या पंखासारखा आकार होतो. पोटावर पडत असलेल्या माणसाचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. नऊशे मीटर उंचीवर छत्री उघडायची म्हटले, आणि ती उघडलीच नाही, तर जमीन अवघ्या सतरा सेकंदांवर असते. उलट ती क्षणार्धात फाडकन उघडली तरी धोकाच. त्या हिसक्याने शरीराला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून दोऱ्यांवर एक चौकोनी कापड ओवलेले असते, त्याला ते लोक स्लायडर म्हणतात. घडी घालताना तो वर, छताला टेकेपर्यंत चढवावा लागतो. छत्री फुलू लागली की तो वाऱ्याशी झगडत हळूहळू खाली उतरतो आणि उघडणे लांबवतो. सांगण्याचा हेतू हा की, घडी म्हणजे कापड पिशवीत कोंबणे नव्हे. आकाशात पुढे जे घडायचे, ते कोणत्या क्रमाने घडावे हे जमिनीवरच लिहून ठेवणे होय.

ताई पायरीवर बसून पाहत होती. “नऊवारीची घडी घालायला शिकला असतास तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली होती, हे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, “ते नेसणं तिच्या हातचं होतं. मी विचारते ते घडीचं.”

या घडीच्या मुख्यत्वे दोन रीती आहेत. जुन्या रीतीत छत जमिनीवर कुशीवर निजवतात, एकेक कप्पा सपाट करून एकावर एक रचतात आणि मग घड्या घालतात. दुसऱ्या रीतीत दोऱ्या खांद्यावर घेऊन उभे राहतात. छत अंगापुढे लोंबते, कप्पे दोन्ही बाजूंना सारखे पाडायचे, दोऱ्या मधोमध ठेवायच्या, शेपटाकडचे कापड सर्वांभोवती गुंडाळायचे आणि एखादे तान्हे मूल ठेवावे तसे ते बोचके अलगद जमिनीवर आणून त्यातली हवा दाबून काढायची. आज बहुतेक ठिकाणी ही दुसरी रीत चालते. या दोन्हींच्या पोटरीतीही आहेत, आणि नवे गुळगुळीत कापड हातांतून निसटते म्हणून ज्याला त्याला सोयीची वाटणारी एखादी युक्तीही असते. उड्डाणतळांवर यावरून वाद झडतात, हे ऐकून आम्हांला नवल वाटले नाही. आमच्या गावात लोणच्यावरून झडतात.

“मग खरी रीत कोणती?” आम्ही विचारले.

“मामा, नीट घातली तर दोन्हींनी उघडते,” तो म्हणाला. थोडे थांबून त्याने जे सांगितले त्याने आम्ही अस्वस्थ झालो. “खरं सांगू? गबाळी घातली तरी बहुतेक वेळा उघडतेच.”

या वाक्यातच नैतिक प्रश्नाचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते. हे कापड क्षमाशील आहे. चूक झाली की लगेच शासन करणाऱ्या वस्तूपाशी मनुष्य आपोआप सावध राहतो. तापल्या तव्यावर कोणी दोनदा हात ठेवत नाही. परंतु जी वस्तू शंभरदा चूक पोटात घालते, ती हातांना हळूहळू वेगळेच शिकवते. पहिल्यांदा घाई केली, छत्री उघडली. दुसऱ्यांदा केली, उघडली. विसाव्या वेळी ती घाई राहतच नाही, तीच पद्धत होते. अनेक उड्डाणतळांवर घडी घालणारे पगारी लोक असतात आणि त्यांना मोल मिळते ते नगाप्रमाणे. शनिवारी गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते. सराईत हाताला एका घडीस दहा-पंधरा मिनिटे पुरतात. त्यांतली दोन वाचली तर संध्याकाळपर्यंत एखादा नग अधिक होतो. जो उडी मारणार, तो या माणसाचे नावही जाणत नाही.

उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले. तेथेही मोल नगाप्रमाणेच मिळे. एका वर्षी रात्री उशिरा गठ्ठा बांधून लाखेचे मोहोर केल्यावर आमच्या मनात आले की, मधल्या एका उत्तरपत्रिकेच्या गुणांची फेरबेरीज राहिली असावी. निश्चित आठवेना. गठ्ठा उकलायचा तर पुन्हा बांधणे आले, पुन्हा लाख आली आणि सकाळी लवकरची गाडी होती. बेरजा बहुधा बरोबरच असतात, अशी आम्ही मनाची समजूत घातली आणि निजलो. ती बेरीज बहुधा बरोबरच असेल. परंतु तो विद्यार्थी कोण, तो उत्तीर्ण झाला की नाही, हे आम्हांला कधीच कळणार नाही, आणि त्यालाही आमचे नाव कधी कळणार नाही. असो.

“बहुधा” या शब्दावर कॅथलिक नीतिशास्त्रात दोनशे वर्षे कडाक्याचा वाद झाला आहे. १५७७ साली बार्तोलोमे दे मेदिना या स्पॅनिश डोमिनिकन पंडिताने असे मांडले की, एखादे मत जर साधार व संभाव्य असेल, तर विरुद्ध मत अधिक संभाव्य असतानाही त्याप्रमाणे वागण्यास प्रत्यवाय नाही. बेड्या घातलेल्या सदसद्विवेकबुद्धीला यातून श्वास घेण्यास जागा मिळाली, हे खरे. पण मग प्रत्येक सोयीला कोणी ना कोणी पंडित सापडू लागला. पास्कालने १६५६-५७ साली आपल्या पत्रांतून या पळवाटांची यथेच्छ टर उडवली. अकरावे पोप इनोसंट यांनी १६७९ साली सैलपणाची पासष्ट विधाने निषिद्ध ठरवली, आणि आठवे पोप अलेक्झांडर यांनी १६९० साली उलट टोकाच्या, म्हणजे अत्यंत संभाव्य मतही कधीच स्वीकारू नये असे म्हणणाऱ्या कडवेपणालाही नकार दिला. पुढे संत आल्फोन्स लिगोरी यांनी मधली वाट आखली. या सर्व गदारोळात एका गोष्टीवर मात्र एकमत होत गेले. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल तेथे संभाव्य मत पुरेसे नाही, अधिक सुरक्षित तेच केले पाहिजे. यासाठी शिकाऱ्याचा दाखला देत. झुडूप हलले, आत सावज असेल, माणूसही असेल. सावज असण्याचा संभव कितीही मोठा असो, बंदूक झाडण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही.

दोन रीतींतली कोणती निवडावी, ही शंका मतांविषयीची आहे. दोहोंच्या बाजूने जाणते लोक उभे आहेत. स्वतःच्या छत्रीपुरते मनुष्याने पटेल ते करावे. परंतु “स्लायडर मी वरपर्यंत चढवला होता का?” ही शंका वस्तुस्थितीविषयीची आहे, आणि कोणाही पंडिताचे मत तो स्लायडर वर चढवू शकत नाही. तो एक तर चढवलेला असतो किंवा नसतो. दुसऱ्यासाठी रीत निवडतानाही, आमच्या मते, “उत्तम कोणती?” हा प्रश्न दुय्यम ठरतो. कागदावर सरस असलेली पण हातात अर्धीच मुरलेली रीत ही दुसऱ्याच्या दृष्टीने कमी सुरक्षितच. ज्या रीतीत आपली चूक आपल्याला दिसते, तीच त्याच्यासाठी योग्य. मग ती जुनी म्हणून हसू होवो की वेळ अधिक खावो.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत आम्हांस मार्मिक वाटतो. प्रत्येक उडीला दोन छत्र्या लागतात, मुख्य आणि राखीव. मुख्य छत्रीची घडी जो तिच्याने उडी मारणार त्याने स्वतः घालावी, अथवा परवानाधारक जाणकाराने, ज्याला रिगर म्हणतात, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली कोणी. राखीव छत्री मात्र केवळ रिगरच बांधू शकतो, आणि निर्मात्याने वा शासनाने मान्य केलेल्या पद्धतीपासून त्याला ढळता येत नाही. तेथे निवडीचे स्वातंत्र्य संपते. बांधल्यावर तो आपली मोहोर लावतो, कार्डावर तारीख व सही करतो, आणि हल्लीच्या कृत्रिम धाग्यांच्या छत्र्या १८० दिवसांत वापरल्या नाहीत तर ती घडी पुन्हा घालावी लागते. भाच्याने आम्हांला ती लाल दोऱ्यावरची इवलीशी मोहोर दाखवली. तिला हात लावू दिला नाही. ताईच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तेथे होते. पिशवीच्या एका अर्ध्या भागावर नाव होते, दुसऱ्यावर नव्हते.

चार्ल्स प्लम्ब या अमेरिकी नौदलातील वैमानिकाचे विमान १९६७ साली व्हिएतनाममध्ये पाडले गेले. छत्रीने तो वाचला, सुमारे सहा वर्षे बंदिवासात राहिला आणि सुटल्यावर पुढे त्याची छत्री बांधणारा खलाशी त्याला एका उपाहारगृहात भेटला, असे तो आपल्या व्याख्यानांतून सांगतो. प्रवचनकारांना ही कथा फार आवडते. “तुमची छत्री कोण बांधतो, त्याचे आभार माना” असा तिचा उपयोग होतो, आणि तो वाईट नाही. पण ती कथा नेहमी तरंगणाऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. जहाजाच्या पोटात टेबलापाशी उभा असलेला खलाशी एखादी घडी बांधून झाल्यावर क्षणभर थबकला असेल, त्या क्षणाविषयी तिच्यात काही नाही. त्याला कोणी पाहत नव्हते. छत्री बहुधा उघडलीच असती.

त्या दिवशी अंगणात भाच्याने खांद्यावरची घडी आम्हांला दाखवली. सराव कमी असल्याने त्याला पाऊण तास लागला. मध्येच फाटकाशी कोणी नाताळच्या शुभेच्छा द्यायला आले. तो वळून दोन शब्द बोलला आणि पुन्हा कामाला लागला. हवा दाबून काढली, बोचके थैलीत बसले, दोऱ्या रबरांत ओवल्या, पिशवीची झडप लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाची पाने मांडली होती. तो घाम पुसत उभा राहिला, आणि पिशवीकडे पाहतच राहिला.

“काय झालं रे?” ताईने विचारले.

“ते लोक आले तेव्हा स्लायडर माझ्या हातात होता,” तो म्हणाला. “नंतर वर चढवला की नाही, आठवत नाही.”

आम्ही म्हणालो की, ही छत्री येथे कोणी वापरणार नाही. तिकडे गेल्यावर निवांतपणे पाहता येईल. त्याने मान हलवली. तिकडे गेल्यावर ती बांधलेली दिसेल, म्हणाला, आणि शनिवारची घाई असेल. त्याने झडप उघडली, थैली बाहेर ओढली आणि सारे कापड पुन्हा चटईवर आले. स्लायडर वरच होता, अगदी जागेवर. मुले हसली. तो हसला नाही. दोऱ्या उचलून त्याने पुन्हा खांद्यावर घेतल्या.

ताई पायरीवरून उठली, सुनेला पाने झाकून ठेवायला सांगितली आणि चटईवर येऊन, तो दाखवील तेथे, कापडाची कड धरून उभी राहिली.