एका वाघाला किती जंगल लागतं?

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या एका तरुण नर वाघाला रेडिओ कॉलर लावली आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याने जंगल सोडलं. तेलंगणात जाऊन परत महाराष्ट्रात, कापूस-सोयाबीनच्या शेतांतून, नाल्यांच्या काठाकाठाने तो वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर निघेपर्यंत त्याची चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली. बातम्यांनी त्याच्या पायपिटीचं कौतुक केलं. मला तो जागेच्या शोधात वणवण करणारा वाटतो.

ज्ञानगंगेत रोही होते, रानडुकरं होती, पाणीही होतं. वाघीण नव्हती. कागदावर त्या जंगलाची धारणक्षमता, म्हणजे वाघ पोसायची ताकद, शिल्लक होती; वंश वाढायच्या दृष्टीने ती शून्यच होती.

वाघाचा हिशेब तसा सोपा सांगतात. एक वाघ वर्षाला चितळ-सांबरासारखी साधारण ५० जनावरं मारतो. कळप न घटता एवढी शिकार मिळायची, तर जंगलात तशी ५०० जनावरं हवीत. पण त्या ५०० जनावरांना कोण पोसतं? गवत. आणि गवताला लागते ओल, ऊन आणि मोकळी जमीन. सागाच्या रानात मार्चपर्यंत पानगळ होते, नाले आटतात, एखादा वणवा उरलंसुरलं गवत घेऊन जातो. पाऊस जुलैत कितीही पडो, रानाची पत ठरते मे महिन्यात.

म्हणून वनखातं पाणवठे करतं, सौरपंप बसवतं. उन्हाळ्यात अशा पाणवठ्याच्या काठाशी नीट पाहावं. चिखलात खुरांचे ठसे एकावर एक, आणि भोवती तुडवून उघडी पडलेली माती. पाण्याची अडचण सुटली, आता गवत अपुरं पडतं. त्यात घाणेरी आणि रानतुळस माजली की हिरवळ दिसते भरपूर, पण चितळ तिला तोंड लावत नाही. घाणेरीची फळं बुलबुल खातात आणि बी आणखी दूर नेऊन टाकतात. निर्जीव घटकांनी आखलेली मर्यादा सजीव अशी सतत इकडेतिकडे सरकवत असतात. (आणि आपण मात्र वाघ मोजून जंगलाची तब्येत ठरवतो. तृणभक्षी म्हणजे वाघाचं खाद्य, बाकी कीटक-पक्षी-वेली बोनस! जैवविविधतेचा याहून तोकडा हिशेब मला माहीत नाही.)

चंद्रपूरकडे आणखी एक गोष्ट या गणितात शिरते. ताडोब्याबाहेरच्या ब्रह्मपुरी वनविभागात वाघ दाट आहेत आणि त्याच रानात माणसं पहाटे मोहफुलं वेचतात, पुढे तेंदूपानं तोडतात. मोहाखाली वाकलेलं माणूस झुडपाआडून जनावरासारखं दिसतं, असं जाणकार सांगतात. तिथे शिकार पुरेशी असली, तरी गावाची सोशिकता आधी संपते. तीही धारणक्षमतेतच धरायला हवी. नकाशावर ती दाखवता येत नाही, एवढंच.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्याच्या जंगलात सोडल्या. नागझिऱ्यात जागा होती, भक्ष्य होतं, वाघिणींची वाण होती. उपाय योग्यच वाटतो. पण दाटीच्या रानात रिकामी झालेली हद्द दुसरी वाघीण लवकरच धरते. तिला तिथे चितळ, पाणी, आडोसा सगळं मिळतं. आणि मोह तर दर चैत्रात फुलतोच.