तोबितच्या घरचा कुत्रा



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा घरोघरी नाना प्रश्न विचारले जातात. त्यातला एक प्रश्न गेले दोन महिने माझ्या मनातून जात नाही. "फादर, कुत्र्याच्या औषधपाण्यावर पैसे घातले तर पाप लागतं का?" विचारणाऱ्या मावशींची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. त्यांचे नाव व त्यांची वाडी मात्र सांगत नाही.

मावशींचे वय ६८. नवरा देवाघरी गेला आणि मुले नोकरीनिमित्त परदेशी. मधुमेह जुना आहे, आणि डाव्या तळपायाला झालेली जखम काही केल्या भरत नाही. घरात सोबतीला १३ वर्षांचा गावठी कुत्रा, टायगर. त्याच्या किडन्या निकामी होत चालल्या आहेत. तो सारखे पाणी पितो, रात्रीतून तीन-चार वेळा बाहेर जायला मागतो आणि जेवणाला तोंड लावत नाही. गुरांचे डॉक्टर त्याला सलाईन लावायला बोलावतात. मावशींच्या ड्रेसिंगचा वार आणि टायगरच्या सलाईनचा वार एकच आला की ड्रेसिंग चुकते. पायावर भार देऊ नका असे डॉक्टरांनी बजावले आहे, आणि मावशी रात्री दोन वाजता हातात साखळी धरून अंगणात उभ्या! "दुखत नाही हो फादर," असे त्यांचे म्हणणे. पण दुखत नाही हाच तर धोका आहे. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते आणि जखम आतल्या आत वाढत राहते. दुर्लक्ष झाले तर बोट, कधी पाऊलसुद्धा कापावे लागते. आपल्या गावात अशी घरे आहेत, तुम्हाला ठाऊक आहेत.

प्रथम त्यांच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, पाप लागत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१६ ते २४१८) म्हटले आहे, की प्राणी ही देवाची निर्मिती आहे, माणसाने त्यांच्याशी दयेने वागले पाहिजे आणि विनाकारण त्यांचे हाल करणे माणसाला शोभत नाही. तिथेच एक इशाराही दिला आहे. माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी जायला हवा तो जनावरांवर उधळू नये, आणि जे प्रेम केवळ माणसाचे आहे ते जनावराला देऊन बसू नये. शहरात कुत्र्यांचे वाढदिवस साजरे होतात असे ऐकतो. तो इशारा त्यांनी मनावर घ्यावा. मावशींच्या हातून गरिबाचा घास हिरावला गेलेला नाही. त्यांची कापडी पिशवी मी पाहिली आहे. तिच्यात टायगरच्या गोळ्या आणि त्यांच्या स्वतःच्या गोळ्या एकत्र असतात. (एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपली अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी गोळी त्याच्या पोटाला आणि किडनीला घातक ठरते.)

माझी काळजी पैशांची नाही. मावशी कुत्र्यासाठी जे खर्च करीत आहेत ते त्यांचे स्वतःचे पाऊल आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा थिओलॉजिए' ह्या ग्रंथातले प्रश्न आम्हाला रुक्ष वाटायचे. त्यातल्या प्रीतीवरच्या एका प्रकरणात ओळीने तीन प्रश्न येतात. बुद्धी नसलेल्या प्राण्यांवर ख्रिस्ती प्रीती करावी का? स्वतःवर करावी का? स्वतःच्या शरीरावर करावी का? पहिल्याला ते म्हणतात, मैत्रीच्या खऱ्या अर्थाने नाही. पण देवाच्या गौरवासाठी आणि माणसाच्या भल्यासाठी त्यांचे बरे चिंतणे योग्य आहे. उरलेल्या दोन्ही प्रश्नांना त्यांचे उत्तर 'होय' असे आहे. आपले शरीर देवाने निर्माण केले आहे आणि त्याची सेवा आपण ह्या शरीरानेच करतो, म्हणून त्यावरही प्रीती करायची. आपल्याकडच्या बायकांना लहानपणापासून उलटे शिकवले जाते. सगळ्यांचे झाल्यावर उरले तर आपले. ह्या सवयीला आपण त्याग म्हणतो आणि तिची स्तुती करतो. जी सवय आयाबहिणींच्या दुखण्याकडे पाहू देत नाही तिची स्तुती करायला मी तयार नाही.

जुन्या करारातला तोबितचा ग्रंथ काढून वाचा. चौदा लहान अध्याय आहेत, एका दुपारी होतील. तोबित हा मोठा दानशूर. भुकेल्यांना अन्न द्यायचा, बेवारस प्रेतांना मूठमाती द्यायचा. असाच एकाला पुरून आल्यावर तो अंगणात भिंतीला लागून झोपला, डोळ्यांत चिमण्यांची विष्ठा पडली आणि तो आंधळा झाला. वैद्यांनी मलमे लावली तसतशी दृष्टी अधिकच गेली. बायको हन्ना विणकाम करून घर चालवू लागली. एकदा मालकांनी तिला मजुरीवर बक्षीस म्हणून करडू दिले, तर तोबित म्हणतो, हे चोरीचे तर नाही? परत नेऊन दे! आयुष्यभर दुसऱ्यांना देणारा हा माणूस, आणि बायकोला मिळालेली भेट त्याला सोसत नाही. पुढच्याच अध्यायात तो देवाकडे मरण मागतो.

मावशींनीही मागितले. "टायगरला फारच त्रास झाला तर इंजेक्शन देऊन मोकळं करू, असं डॉक्टर म्हणतात. मग मलाच का नाही, फादर?" त्या हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

टायगरबाबत निर्णय करावा लागला तर मनावर ओझे घेऊ नये. दुखणे बरे होणार नाही आणि यातना थांबत नाहीत असे डॉक्टर सांगत असतील, तर जनावराला शांतपणे जाऊ देणे हीही दया आहे. माणसाची गोष्ट वेगळी. थकलेल्या देहावर प्रत्येक जड उपचार लादलाच पाहिजे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही, पण जीव घेणे हा उपचार नव्हे. माणूस देवाची प्रतिमा आहे, आणि बिछान्याला खिळला तरी ती पुसली जात नाही. तोबितची विनंती देवाने ऐकली, पण मरण पाठवले नाही. राफाएल देवदूताला पाठवले, तेही वाटेवरच्या सोबत्याच्या रूपात. मुलगा तोबिया त्याच्याबरोबर प्रवासाला निघाला, आणि ग्रंथात लिहिले आहे की कुत्राही त्यांच्यामागे निघाला. येताना पुन्हा त्याचा उल्लेख येतो. कथेत त्याला काहीच काम नाही, तो फक्त बरोबर चालतो. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तर तो शेपटी हलवत सर्वांच्या पुढे घरी पोहोचतो. मग माशाच्या पित्ताने तोबितचे डोळे उघडतात. ह्या वेळी मात्र तो मुलाचा हात झिडकारत नाही.

१६ ऑगस्टला ज्यांचा सण येतो त्या संत रॉक यांची दंतकथाही अशीच. प्लेगच्या रोग्यांची सेवा करणारे रॉक स्वतः आजारी पडल्यावर कोणाला त्रास नको म्हणून रानात जाऊन लपले. एक कुत्रा त्यांना रोज भाकरी आणून देई आणि त्यांची जखम चाटी. (मावशींनी हे ऐकताच टायगरकडे पाहिले, म्हणून सांगावे लागले: संतांचे संतांपाशी! मधुमेहाची जखम कुत्र्याला चाटू द्यायची नाही. त्याच्या तोंडात जंतू असतात.) लपलेल्या संताला घास भरवायला देवाने कुत्रा पाठवला, कारण रॉक यांनी तोवर माणसाला जवळ येऊ दिले नव्हते.

मावशींच्या शेजारी कॉलेजात जाणारा एक मुलगा राहतो. आता गुरांच्या डॉक्टरकडे टायगरला तो रिक्षाने नेतो. पहिल्या दिवशी मावशींनी "नको रे बाबा, तुझा अभ्यास" म्हणून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलेच नाही, सरळ साखळी हातात घेतली. रात्री कुत्र्याला ओटीवरच जुनी पोती आणि प्लास्टिक अंथरून ठेवतात, म्हणजे मावशींना उठावे लागत नाही. सकाळी धुवायला शेजारीण येते. मागच्या आठवड्यात ड्रेसिंग एकदाही चुकले नाही. टायगर किती दिवसांचा सोबती आहे ते देव जाणे.

आपापल्या वाडीत असे कोणी एकटे असेल, त्याचे औषध, डॉक्टरची पाळी, किंवा दारातल्या जनावराचे काम अडले असेल, तर रविवारच्या मिस्सानंतर संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना सांगावे. "कुत्र्यासाठी कसं सांगायचं?" असा संकोच करू नये. मी त्यांना तशी कल्पना दिली आहे.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू