न पाहिलेल्या कामावरील शिक्का

ज्या कामाची पारख करण्याची विद्या आपल्यापाशी नाही, ते काम केल्याबद्दल आपण दुसऱ्यास पैसे देतो, तेव्हा नेमके कशाचे मोल देत असतो? वैद्याची मात्रा, सोनाराचा टाका, वकिलाचा अर्ज यांची परीक्षा घेणे सामान्य माणसास शक्य नसते. आणि तरीही जगाचा व्यवहार चालतो. हा प्रश्न जुनाच आहे. आमच्यापुढे मात्र तो एका अगदी अर्वाचीन व काहीशा विलासी वस्तूच्या निमित्ताने उभा राहिला. ती वस्तू म्हणजे स्पोर्ट्‌स कार. सरकारी नोकराच्या घरी अशी गाडी कोठून आली, अशी शंका वाचकांस येईल. म्हणून आरंभीच खुलासा करतो की ती आमची नव्हे. आमचे जावई २०२१ साली तीन वर्षांसाठी परदेशी गेले आणि आपली दोन आसनांची गाडी देहरादूनला आमच्या स्वाधीन करून गेले. जाताना त्यांनी किल्लीबरोबर एक लहानशी पुस्तिका आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "बाबा, गाडीपेक्षा हिला जपा."

त्या पुस्तिकेत गाडीच्या प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद होती : तारीख, किलोमीटर, केलेली कामे, आणि खाली अधिकृत सेवाकेंद्राचा शिक्का. अशी गाडी पुढे विकावयाची झाली तर घेणारा प्रथम ही पुस्तिका पाहतो. नोंदी अखंड असतील तर किंमत चांगली येते. मध्ये खंड दिसला की लाखांनी उतरते. म्हणजे आमच्याकडे दोन ठेवी होत्या, एक लोखंडाची व दुसरी कागदाची.

अशा गाडीची निगा राखणे हे साध्या मोटारीहून कठीण काम आहे, आणि त्यातील पुष्कळसे काम डोळ्यांना दिसत नाही. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या जुन्या कोड्याचे उत्तर येथेही लागू पडते : न फिरविल्यामुळे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, आणि थोड्या थोड्या अंतरासाठी चालविली तर इंजिन पुरते न तापल्याने तेलात ओलावा व इंधनाचा अंश साचतो. टायरवरील नक्षी कोरी दिसत असली तरी रबर वयाने कडक होत जाते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, असे समजावे. काही गाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. १९६३ साली जगापुढे आलेल्या पोर्शे ९११ या गाडीच्या जुन्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेलाची पातळी इंजिन तापलेले व चालू असताना, सपाट जागेवरच मोजावी लागते. थंड इंजिनात ती मोजून तेल कमी आहे असे समजणारा अजाण मनुष्य वरून आणखी तेल ओततो आणि भलतेच संकट ओढवून घेतो. १९९४ सालच्या फेरारी ३५५ या गाडीत टायमिंगचा पट्टा बदलण्यासाठी सबंध इंजिन खाली उतरवावे लागते. मालकाने हे सारे स्वतः करावे अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. तो सेवाकेंद्रात जातो, चहा पितो, बिल देतो आणि पुस्तिकेवर शिक्का घेऊन परत येतो.

आमची गोष्ट घडली ती ब्रेकच्या बाबतीत. मिस्त्री मंडळी ज्याला ब्रेक-ऑइल म्हणतात, ते खरे तर तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचे एक द्रावण असून हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ४ या प्रतीचे कोरे द्रावण निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर वारंवार ब्रेक दाबल्याने ते तापते, तापून उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाखालचे पेडल ऐन वेळी तळाला जाते. म्हणून गाडी चालो वा उभी राहो, हे द्रावण साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे, असे बहुतेक कंपन्या सांगतात. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील मसुरीहून देहरादूनला ज्यांनी गाडी उतरविली आहे, त्यांस या नियमाचे महत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुस्तिकेप्रमाणे ते २०२० साली बदललेले होते, म्हणजे २०२२ साली बदलणे प्राप्त होते. त्या वर्षीच्या खंडेनवमीस आम्ही गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले आणि पुढल्याच आठवड्यात ती दिल्लीच्या सेवाकेंद्रात नेली. सकाळी गाडी ताब्यात दिली, दुपारी परत मिळाली. गाडी चकाकत होती. बिलावर ब्रेकच्या द्रावणाची किंमत होती, मजुरी होती. पुस्तिकेवर ताजा शिक्का होता. समाधानाने घरी आलो.

दोनतीन दिवसांनी टायरमधील हवा पाहण्यासाठी आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी सहज बॉनेट उघडले, ब्रेकच्या द्रावणाच्या डबीकडे पाहिले आणि ते थबकले. कोरे द्रावण फिकट पिवळसर असते. हे काळपट होते. मग चाकाच्या आऱ्यांमधून आत बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी प्रत्येक चाकाशी असलेली, जुने द्रावण काढून टाकण्याची तोटी पाहिली. चारही तोट्यांच्या रबरी टोप्यांवर धुळीचा थर जसाच्या तसा होता. अखेर खिशातील पेनासारखे एक उपकरण त्यांनी डबीत बुडविले. त्याने पाण्याचा अंश तीन टक्क्यांच्या वर दाखविला. मिस्त्री एवढेच म्हणाले, "साब, किताब में बदला है, गाड़ी में नहीं बदला."

आम्ही सेवाकेंद्रास दूरध्वनी केला. तेथील व्यवस्थापक अत्यंत नम्रपणे बोलले. त्यांनी चूक नाकारली नाही. गाडी पुन्हा आणावी, काम विनामूल्य करून देऊ, असे सांगितले. "मग पुस्तिकेतील नोंदीचे काय?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, ती तशीच राहू द्यावी. ती खोडली तर पुस्तिका डागाळेल आणि त्यात नुकसान तुमचेच आहे. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो. खरा प्रश्न येथे सुरू झाला. कारण त्यांचे म्हणणे व्यवहारदृष्ट्या अगदी खरे होते. काम तर होणारच होते. आठ दिवसांच्या फरकाने कोणाचे काय बिघडत होते?

प्रथम आमच्या मनात राग होता तो त्या न पाहिलेल्या कामगारावर. पण रागाचा भर ओसरल्यावर दुसऱ्या बाजूही दिसू लागल्या. मोटार-दुरुस्तीच्या धंद्यात अनेक ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत, कामगारास प्रत्यक्ष लागलेल्या वेळेप्रमाणे नव्हे, तर त्या कामासाठी कागदोपत्री ठरविलेल्या तासांप्रमाणे मजुरी मिळते. ज्याने चारही चाकांपाशी बसून नीट काम केले तो तोट्यात जातो, आणि ज्याने पाट्या टाकल्या त्याची मिळकत वाढते. १९९२ साली कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन-दुरुस्ती विभागाने सीअर्स या प्रख्यात कंपनीच्या मोटार-केंद्रांवर अनावश्यक दुरुस्त्या गळ्यात मारल्याचा आरोप ठेवला, तेव्हा ग्राहकांशी बोलणाऱ्या सल्लागारांना विक्रीवर मिळणारे कमिशन हे त्याचे मोठे कारण म्हणून पुढे आले, आणि कंपनीला ती पद्धत बंद करावी लागली. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला; सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्रींना मिळू न देता ग्राहकास आपल्याच दाराशी बांधून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. या निर्णयाविरुद्ध पुढे अपिले झाली, हेही नमूद केले पाहिजे. दिल्लीच्या त्या कामगारास मजुरी कशी मिळते, हे आम्ही विचारले नव्हते. आणि एक गोष्ट आम्हांस प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे : अंधार पडण्यापूर्वी मोहंडचा घाट ओलांडावा म्हणून गाडी दोनच्या आत मिळाली पाहिजे, असा हट्ट त्या दिवशी आम्हीच धरला होता.

डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा विचार केला, त्यांत मोटार-दुरुस्तीही होती. ज्यांचा गुण घेण्यापूर्वी तर नाहीच, पण वापरल्यानंतरही ग्राहकास सहजी कळत नाही, त्या केवळ विश्वासावर घेण्याच्या वस्तू होत, असे त्यांचे वर्गीकरण आहे. त्याच्या कितीतरी पूर्वी प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या पहिल्या भागात सॉक्रेटिसाच्या मुखाने असा विचार मांडला आहे की, वैद्य हा वैद्य म्हणून रोग्याचे हित पाहतो, आणि पैसा मिळविणे ही वैद्यकाहून वेगळी कला आहे. दोन्ही कला एकाच माणसाच्या अंगी असतात. प्रश्न एवढाच की त्यांत तंटा झाला तर कोणती हार खाते. बाजाराचे नियम, आयोगाचे दंड, तपासणीची यंत्रे ही सारी त्या तंट्यात दुर्बळ पक्षास थोडे बळ देण्यासाठी आहेत. परंतु जेथे कोणी पाहत नाही, त्या चौथ्या चाकापाशी निर्णय एकट्या माणसालाच करावा लागतो.

हे लिहीत असता आम्हांस आमचीच एक जुनी सही आठवते, आणि ती न सांगता पुढे गेलो तर हा लेखही एक खोटा शिक्काच होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका डोंगरी तालुक्यातील मोऱ्यांच्या कामांची पाहणी आमच्याकडे होती. एकूण बारा मोऱ्या. अकरा आम्ही पायी जाऊन पाहिल्या. बारावी ओढ्यापलीकडे होती, पाऊस सुरू झाला होता, आणि कनिष्ठ अभियंता विश्वासू होता. डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बसून आम्ही बाराही कामांच्या खाली "प्रत्यक्ष पाहिले, समाधानकारक" असे लिहिले. ती मोरी पुढे वाहून गेली नाही. पण त्याचे श्रेय त्या अभियंत्याचे, आमचे नव्हे. टोप्यांवरची धूळ न पुसता पुस्तिकेवर शिक्का मारणारा तो कामगार आणि व्हरांड्यातले आम्ही, यांत फरक एवढाच की आमच्यामागून उपकरण घेऊन कोणी मिस्त्री आला नाही.

यावर असा आक्षेप येईल की, अधिकाऱ्याने प्रत्येक गोष्ट स्वतः पाहू म्हटले तर राज्यकारभार एक दिवसही चालणार नाही. विश्वास टाकावाच लागतो. हे आम्हांस मान्य आहे. विश्वास टाकणे हा दोष नाहीच. दोष आहे तो विश्वासाला प्रत्यक्षाचे नाव देण्यात. "कनिष्ठ अभियंत्यांच्या अहवालावरून समाधानकारक" असे लिहिण्यास आणखी एकच शब्द लागला असता; वाचणाऱ्यास आमचे ज्ञान किती आणि ऐकीव किती हे कळले असते, आणि गरज वाटती तर दुसऱ्या कोणी ओढा ओलांडला असता. खोट्या नोंदीचे खरे पाप हेच आहे की ती पुढच्या माणसाची शंका मारून टाकते. नोंद नसती तर कोणीतरी डबी उघडून पाहिली असती. नोंद होती म्हणून २०२४ पर्यंत कोणी पाहणार नव्हते. निष्काळजीपणा एकदा घडतो, पण त्यावरचा शिक्का त्याला दोन वर्षांचे आयुष्य देतो.

गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. जमलेल्या संतांत कच्चे मडके कोणते हे पाहण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि खुद्द नामदेवांस कच्चे ठरविले. त्या कथेचा भावार्थ भक्तीचा आहे हे खरे. पण कुंभाराचा धर्मही तीत आहे. त्यांनी मान्यवरांची ख्याती पाहून निकाल दिला नाही. प्रत्येक मडके वाजविले, आणि जे ऐकू आले ते सांगितले. नामदेवांस राग आला, पण पुढे त्यांचे कल्याण झाले ते त्या कटु निकालामुळेच.

आम्ही गाडी पुन्हा दिल्लीस नेली. या वेळी घाई केली नाही. एक दिवस मुक्काम केला. काम होताना उभे राहून पाहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. जुनी नोंद एका रेघेने खोडून तेथे "काम झाले नव्हते" असे लिहावे व खाली त्या दिवसाच्या तारखेने नवी नोंद करावी, असा आग्रह धरला. व्यवस्थापकांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, अखेर केले. कामगाराचे नाव आम्ही विचारले नाही. कारण त्याला काढून टाकल्याने ते केंद्र स्वतःस निर्दोष समजले असते. त्याऐवजी या कामास किती वेळ लागतो आणि त्यांच्या कामगारांस तो मिळतो काय, एवढे दोन प्रश्न लेखी विचारले. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

जावयांस सविस्तर पत्र लिहिले. त्यांच्या मालमत्तेची किंमत आम्ही आमच्या तत्त्वापायी कमी केली होती, आणि दुसऱ्याच्या पैशाने सद्गुण आचरणे सोपे असते, याची बोच मनात होती. रेघ ओढण्यापूर्वी त्यांस विचारावयास हवे होते, हे पत्रातही लिहिले. त्यांचे उत्तर आले : "किंमत उतरली त्याचे थोडे वाईट वाटले. पण त्या गाडीतून तुम्ही आणि आई मसुरीला जाता, हे अधिक महत्त्वाचे."

२०२४ साली ते परत आले. पुस्तिका त्यांच्या हाती देताना त्या खोडलेल्या ओळीवर आम्हीच बोट ठेवून दाखविले. आमची बारावी मोरी मात्र कोणत्या फाइलीत आहे, आणि ती रेघ आता कोणी ओढावयाची, हे आम्हांस ठाऊक नाही. म्हणून निदान येथे ती नोंदवून ठेवीत आहोत.