आधी मजकूर, मग यंत्र

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. जुलै २०१५मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली आणि तिची मुदत संपली तेव्हाही तिच्यावरची असंख्य यंत्रे धडधाकट होती. विंडोज ११ला मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीचे यंत्र कितीही नीट चालत असले, तरी त्याला अधिकृतपणे पुढची वाट नाही. त्यामुळे घराघरांत, लहान कार्यालयांत आणि छापखान्यांत एकच प्रश्न उभा राहिला: नवा पीसी घ्यायचा, मॅककडे वळायचे, की आहे त्याच यंत्रावर लिनक्स बसवायचे? या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा वेग, किंमत, व्हायरसची भीती आणि पडद्याचे रूप यांभोवती फिरते. या गोष्टी खोट्या नाहीत, पण निर्णय त्यांच्यावर ठरू नये. आपले काम कोणत्या रूपात साठवलेले आहे आणि ते दुसरीकडे उघडते का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणतीही प्रणाली निवडणे म्हणजे अंधारात निवडणे.

मराठीपुरते बोलायचे तर या म्हणण्याचा पुरावा आपल्या प्रत्येक प्रकाशकाच्या कपाटात आहे. डीटीपी महाराष्ट्रात रुजले ते श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरांच्या आधाराने, आणि त्यांनी मराठी छपाईचे जे भले केले ते मान्यच केले पाहिजे. पण त्या काळच्या फॉन्टांमध्ये मूळ इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धे अक्षर, काना, मात्रा, रफार. कोणता तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. परिणामी संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. फॉन्ट काढून घेतला की उरते ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. त्यात ना शब्द शोधता येतो, ना अकारविल्हे सूची लावता येते. असा मजकूर पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवला जाई. त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१मध्ये आली आणि पुढे अ‍ॅडोबीने त्याचा विकास थांबवला. तरी ते सॉफ्टवेअर, तो फॉन्ट आणि ते चालवणारे विंडोज ही साखळी कित्येक ठिकाणी तशीच जपली गेली, कारण त्यातली एक कडी सोडली तर शेकडो पुस्तके हातची जाण्याची धास्ती होती. यंत्र उत्तम आहे म्हणून ते ठेवले असे इथे झाले नाही. मजकूर त्यात अडकला होता म्हणून ते ठेवावे लागले.

सुटकेचा मार्ग खूप आधीच तयार होता. १९९१मध्ये आलेल्या युनिकोड या सामायिक अक्षरसंकेताच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज २०००पासून ती रोजच्या वापरात आणणे शक्य झाले. युनिकोडमध्ये ‘क’ हा कोणत्याही प्रणालीवर आणि कोणत्याही फॉन्टमध्ये ‘क’च राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे मात्र बटण दाबण्याइतके सोपे नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे हा क्रम बदलून देतात, पण जोडाक्षरे आणि विरामचिन्हांपाशी चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधन करावेच लागते. हा खर्च कुठलीही प्रणाली निवडली तरी टळत नाही. विंडोज ११वर जा, मॅकवर जा किंवा लिनक्सवर, अडकलेला मजकूर सोडवण्याचे कष्ट तितकेच. म्हणून तो खर्च ‘प्लॅटफॉर्म बदलण्याचा’ म्हणून मोजणे चूक आहे. तो आधीच्या निवडीचा थकलेला हप्ता आहे, आणि उशीर केल्याने तो वाढतो.

प्रणाली बदलण्याच्या बाबतीत युरोपातली दोन उदाहरणे पुन्हा पुन्हा दिली जातात. म्युनिकच्या नगरपालिकेने २००३मध्ये विंडोज सोडण्याचे ठरवले, २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने २००५मध्ये ओपनऑफिसपासून सुरुवात केली, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आणले, २००८पासून उबुंटू हे लिनक्सचे एक रूप बसवायला घेतले आणि ते टिकवले. म्युनिककडे बोट दाखवून लिनक्स फसल्याचे सांगितले जाते, तर फ्रान्सचा दाखला देऊन ते जिंकल्याचे. दोन्ही निष्कर्ष टिकत नाहीत, कारण म्युनिकची प्रणालीही नंतर उबुंटूवरच बेतलेली होती. फरक प्रणालीत नव्हता, कामाच्या घडणीत होता. म्युनिकमध्ये काही खास कामांची सॉफ्टवेअरे विंडोजशिवाय चालत नव्हती, बाहेरच्या कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवघेव मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपात होती, विभागांची संगणक-व्यवस्था विखुरलेली होती आणि राजकीय पाठबळही बदलले. जाँदार्मरी हे एकाच आज्ञेखाली चालणारे दल. त्यांनी माणसांच्या हातातली रोजची साधने आधी बदलली आणि ती सवयीची झाल्यावर खालची प्रणाली. ज्याला तोच ब्राउझर, तेच मेल आणि तेच लेखनाचे सॉफ्टवेअर दिसत राहते, त्याच्यासाठी प्रणाली बदलणे ही मोठी उलथापालथ राहत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: चालतेय ते कशाला मोडायचे? हा आक्षेप हलका नाही. ज्याचे हिशेब टॅलीवर आहेत त्याचा व्यवसाय विंडोजशी बांधलेला आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा जुना प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रणालीसाठी मिळेलच असे नाही. अशा माणसाने विंडोजवरच राहावे, त्यात कमीपणा नाही. पण राहणे आणि अडकणे यांत फरक आहे. मजकूर युनिकोडमध्ये, कागदपत्रे खुल्या स्वरूपात आणि प्रती स्वतःजवळ असतील, तर राहणे ही निवड असते. नसतील तर ती सक्ती असते, आणि सक्तीची किंमत कंपनी ठरवते. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेली प्रणाली इंटरनेटला जोडून वापरत राहणे म्हणजे ‘चालतेय ते’ जपणे नव्हे.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता सगळे ब्राउझरमध्येच होते, मग खाली कोणती प्रणाली आहे याने काय बिघडते? खालच्या प्रणालीबद्दल हे बरेचसे खरे आहे, पण बंधन तेवढ्याने सुटत नाही, ते वरच्या मजल्यावर सरकते. गुगल डॉक्समधल्या दस्तऐवजाची जी फाईल आपल्या संगणकावर दिसते, ती नुसता दुवा असते; मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तो उतरवून घेण्याची सोय आहे, पण ती वापरली तरच उपयोगी. तिसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: लिनक्स फुकट आहे, मग विचार कसला करायचा? परवाना फुकट असतो. शिकण्याचा वेळ, शिकवणारा माणूस आणि अडचणीला धावून येणारा तंत्रज्ञ फुकट नसतात. ज्या गावात तो तंत्रज्ञ नाही, तिथे ही बाजू जास्त जड ठरते.

म्हणून निर्णयाचा क्रम उलटा केला पाहिजे. आहे त्याच प्रणालीवर आधी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारी लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्डसारखी साधने तिथेच वापरून पाहावीत. टंकनासाठी इनस्क्रिप्ट शिकावे. ती मांडणी भारतीय मानक असून सर्व प्रमुख प्रणालींत मिळते, त्यामुळे बोटांची सवयही एका कंपनीची राहत नाही. लिनक्स तर पेनड्राइव्हवरून, मूळ प्रणालीला हात न लावता चालवून पाहता येते. एवढे झाल्यावर जी सॉफ्टवेअरे उरतात त्यांची यादी करावी. ती रिकामी असेल तर बदलण्यात जोखीम थोडी. भरलेली असेल तर थांबण्याचे कारण नेमके कळलेले असते. दोन्ही वेळा निर्णय मागे घेता येतो, आणि मागे घेता येणारा निर्णय माणूस न घाबरता घेतो.

प्रणालीचे आयुष्य फार तर दहाएक वर्षांचे असते. पुस्तकाचे, दप्तराचे आणि संस्थेच्या इतिवृत्ताचे त्याहून कितीतरी मोठे असायला हवे. म्हणून प्रकाशकांनी अक्षरजुळणीच्या करारात छपाईच्या फाईलबरोबर युनिकोडमधला शुद्ध मजकूर देण्याची अट घालावी, संस्थांनी जुनी कागदपत्रे दरवर्षी थोडी थोडी सोडवून घ्यावीत, आणि लेखकांनी आपल्या पुस्तकाचा असा मजकूर हक्काने मागावा. हे केले तर पुढच्या वेळी एखाद्या कंपनीने पाठिंबा थांबवल्याची तारीख जाहीर केली, तरी तो केवळ यंत्रखरेदीचा प्रश्न उरेल.