जे देता येत नाही, ते आपले आहे का?



'विकत घेतले' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! भाजी विकत घेतली, छत्री विकत घेतली, मुलांसाठी खेळ विकत घेतला. शब्द एकच आहे, पण त्याचा अर्थ आता सगळीकडे सारखा राहिलेला नाही. विकत घेतलेली छत्री आपण शेजाऱ्याला देऊ शकतो, जुनी झाली तर गरजूच्या हाती ठेवू शकतो. टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्रावर पैसे भरून डाउनलोड केलेला चित्रपट किंवा खेळ मात्र बहुधा कोणालाच देता येत नाही. मग तो खरोखर आपला झाला का? वरवर पाहता हा मुलांच्या करमणुकीचा विषय वाटेल. परंतु मुळात तो मालकीचा, सचोटीचा आणि औदार्याचा प्रश्न आहे. म्हणून आज त्यावर थोडा शांतपणे विचार करू या.

घरबसल्या हवा तो चित्रपट पाहण्याची सोय आली, ती भांडण घेऊनच आली. १९७५ साली सोनी कंपनीने बीटामॅक्स नावाची व्हिडिओ कॅसेट बाजारात आणली. पुढच्याच वर्षी जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीने व्हीएचएस आणली. एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात चालत नसे. बीटामॅक्सच्या कॅसेटवर सुरुवातीला एक तासाचे चित्रण मावे, व्हीएचएसवर दोन तासांचे. शिवाय जेव्हीसीने आपले तंत्र इतर कंपन्यांनाही वापरू दिले, त्यामुळे व्हीएचएसची यंत्रे अनेकांनी बनवली. शेवटी व्हीएचएस जिंकली आणि १९८८ मध्ये खुद्द सोनीही व्हीएचएसची यंत्रे बनवू लागली. आपल्या कपाटांत लग्नाच्या आणि बारशाच्या ज्या जुन्या कॅसेटी आहेत, त्या बहुतेक याच व्हीएचएसच्या.

तीस वर्षांनी असेच भांडण पुन्हा झाले. या वेळी ते तबकड्यांचे होते. २००६ साली तोशिबाने एचडी डीव्हीडी आणली, तर सोनी आणि तिच्या सोबतच्या कंपन्यांनी ब्ल्यू-रे. ब्ल्यू-रे तबकडीच्या एका थरात २५ जीबी माहिती मावे, एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ जीबी. पण निकाल केवळ जीबीवर लागला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रात ब्ल्यू-रे आतच बसवलेली होती. प्रतिस्पर्धी एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचे यंत्र वेगळे घेऊन बाहेरून जोडावे लागे. मुलांसाठी खेळ आणायला गेलेल्या आईवडिलांच्या घरी ब्ल्यू-रे न मागता आली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली.

ज्यांनी एचडी डीव्हीडी घेतली होती, त्यांचे काय झाले? त्यांचे नुकसान झाले, यात शंका नाही. नवे चित्रपट यायचे थांबले आणि महागड्या यंत्राची किंमत घसरली. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या रात्री कोणाच्याही कपाटातली तबकडी नाहीशी झाली नाही. घरातले यंत्र चालू होते तोवर चित्रपट चालत राहिला. ती तबकडी मित्राला द्यायची, विकायची की मुलांसाठी ठेवायची, हे ठरवताना तोशिबाची परवानगी लागली नाही. कंपनी हरली, पण तिचे गिऱ्हाईक आपल्या वस्तूचे मालक राहिले.

आता आजची गोष्ट पाहू. युबिसॉफ्ट या कंपनीने २०१४ साली 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ विकायला काढला. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले आणि खेळ सर्वांसाठीच संपला. ज्यांच्या हातात तबकडी होती, त्यांच्यासाठीसुद्धा. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनच्या दुकानातून डिस्कव्हरीचे कार्यक्रम 'विकत' घेतलेल्यांना कळवण्यात आले, की करारामुळे ते कार्यक्रम आता काढून घेतले जातील. पुढे दोन्ही कंपन्यांत नवा करार झाला आणि ते टळले. पण पैसे भरणाऱ्यांच्या संग्रहाचे काय होणार, हे इतरांच्या करारावर ठरत होते. त्याआधी, १ एप्रिल २०१० रोजी, प्लेस्टेशन ३ वर लिनक्ससारखी दुसरी प्रणाली बसवण्याची सोय सोनीने एका अपडेटने काढून टाकली. यंत्र विकले गेले होते, घरी पोहोचले होते, आणि तरीही त्यातला एक गुण दुरून काढून घेता आला.

तेव्हा मालकी म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने 'रेटॉरिक' या ग्रंथात त्याची साधी कसोटी दिली आहे. वस्तू दुसऱ्याला देणे वा विकणे ज्याच्या हाती, तिची मालकी त्याची. वस्तू कोण वापरतो, एवढ्यावरून मालक ठरत नाही. भाडेकरूही घर वापरतो, पण ते दुसऱ्याच्या नावे करू शकत नाही.

आपल्या 'पॉलिटिक्स' या दुसऱ्या ग्रंथात तो आणखी पुढे जातो. त्याचे गुरू प्लेटो यांनी आदर्श राज्याच्या रक्षकांसाठी खासगी मालमत्ता नाकारली होती. ॲरिस्टॉटल त्यावर हरकत घेतो. मित्रांना, पाहुण्यांना, सोबत्यांना काही देण्यात मोठा आनंद असतो, आणि स्वतःचे काही असेल तरच तो मिळू शकतो, असे त्याचे म्हणणे. औदार्य हा सद्गुण आहे, पण तो दाखवायला हातात काहीतरी असावे लागते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे यासाठी खासगी मालकी योग्य आहे, असे ते मानतात. पण वापराच्या बाबतीत माणसाने ती सर्वांचीच समजावी आणि गरजवंताला द्यायला तयार असावे, असे ते लगेच जोडतात. या विचाराप्रमाणे मालकीचा हेतू कुलूप लावणे एवढाच नाही. देता यावे, हाही तिचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, "फादर, मग भाड्याने घेणे वाईट का?" मुळीच नाही. संत थॉमस यांनी व्याजाची चर्चा करताना एक उपयोगी भेद दाखवला आहे. द्राक्षारस वापरला की संपतो, म्हणून द्राक्षारस आणि त्याचा वापर यांची वेगवेगळी किंमत लावणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा विकणे होय. घराचे तसे नाही. घर वापरून संपत नाही, म्हणून मालकी स्वतःकडे ठेवून त्याचा वापर भाड्याने देणे न्याय्य आहे. चित्रपट आणि खेळ हे या बाबतीत घरासारखे आहेत. हजार जणांनी पाहिला तरी चित्रपट संपत नाही. तेव्हा महिन्याचे पैसे घेऊन चित्रपट दाखवणारी सेवा काही अन्याय करत नाही. भाडे आहे हे दोघांनाही ठाऊक असते आणि त्याप्रमाणे किंमत ठरते.

खोट सुरू होते ती भाड्याला विक्री म्हटले की. पूर्ण किंमत घ्यायची, बटणावर 'विकत घ्या' असे लिहायचे, आणि कोणी वाचत नाही अशा लांबलचक अटींत 'हा केवळ परवाना आहे' असे सांगून ठेवायचे, हा व्यवहार सरळ नाही. कॅलिफोर्निया राज्याने याच मुद्द्यावर कायदा केला असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. डिजिटल वस्तूच्या व्यवहारात नुसता परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याला 'विकत घ्या' हा शब्द वापरता येत नाही. युरोपमध्ये, कंपनीने पाठिंबा थांबवल्यावरही विकलेले खेळ खेळता येण्याजोगे राहावेत, या मागणीसाठी २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या.

विकणाऱ्याचा हक्क कुठे संपतो, हा वाद नवा नाही. एका अमेरिकन प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापले होते, की ही प्रत एका डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू नये. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ साली न्यायालयाने निकाल दिला, की प्रत एकदा विकल्यावर ती पुढे कितीला विकायची हे ठरवण्याचा हक्क प्रकाशकाला उरत नाही. जुन्या पुस्तकांचा बाजार, वाचनालये, एकमेकांना दिलेल्या कॅसेटी आणि तबकड्या, हे सारे अशाच समजुतीवर उभे राहिले आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. छत्री दिली की आपल्याकडे उरत नाही. संगणकातली फाईल मात्र दिली तरी उरते, आणि एकाने घेतलेला खेळ दहा हजारांपर्यंत फुकट पोहोचू शकतो. खेळ बनवणाऱ्या चित्रकारांची, संगीतकारांची आणि प्रोग्रॅमरांची वर्षांची मेहनत त्यात असते. त्यांना त्यांचा मोबदला मिळायलाच हवा. म्हणून 'कंपन्या फसवतात, मग आम्ही चोरून उतरवून घेतले तर काय बिघडले?' हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. एकाच्या चुकीने दुसऱ्याची चोरी शुद्ध होत नाही.

पण मोबदला आणि देवाणघेवाण यांचा मेळ बसतच नाही, असे मात्र नव्हे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स वनबद्दल जाहीर केले, की यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे आणि खेळांच्या तबकड्या दुसऱ्याला देण्यावर बंधने असतील. त्यावर सोनीने एक छोटीशी चित्रफीत काढली. खेळ दुसऱ्याला कसा द्यावा, हे तिच्यात शिकवले होते. एक माणूस डबी पुढे करतो, दुसरा ती घेतो, झाले! लोकांचा रोष इतका होता, की त्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने ते नियम मागे घेतले. एप्रिल २०२५ मध्ये निन्टेन्डोने डाउनलोड केलेला खेळही कुटुंबगटातल्या दुसऱ्या सदस्याला दोन आठवड्यांसाठी उसना देण्याची सोय केली. तेवढे दिवस देणाऱ्याला तो खेळता येत नाही, अगदी पुस्तक उसने दिल्यासारखे. मनात आणले तर हे जमते.

आम्हांला काळजी वाटते ती पैशांपेक्षा मुलांच्या वळणाची. दोन मुलांनी एकमेकांचा खेळ आठवडाभर अदलाबदल करून न्यायचा, परत करताना भांडायचे, ओरखडा पडला म्हणून माफी मागायची, यातून ती नकळत खूप शिकत. आज एखाद्या मुलाच्या खात्यात शंभर खेळ असतील आणि त्यांतला एकही शेजारच्या मुलाला नेऊ देता येणार नाही. तो मुलगा कंजूष नसतो. देण्याची संधीच त्याच्या हाती नसते, आणि जे कधी करावे लागत नाही त्याची सवय लागत नाही. वारशाचेही तसेच. आजोबांची पुस्तके आणि गाण्यांच्या तबकड्या नातवंडांकडे येतात. पण स्टीम या संगणकखेळांच्या मोठ्या दुकानाच्या अटींनुसार तिथले खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

मग आपण काय करावे? नव्या साधनांकडे पाठ फिरवा, असे आम्ही म्हणत नाही. फक्त पैसे भरण्याआधी घरातल्या सर्वांनी मिळून तीन प्रश्न विचारावेत. हे मला दुसऱ्याला देता येईल का? विकणाऱ्याचे दुकान बंद झाले तर हे चालेल का? आणि उत्तर 'नाही' असेल, तर भाडे म्हणून ही किंमत योग्य आहे का? मुलांना हे प्रश्न पटकन समजतात, कारण 'माझे' या शब्दाबद्दल ती फार जागरूक असतात.

आणि एक काम लवकर करावे. व्हीएचएसची यंत्रे बनवणारी शेवटची कंपनी मानल्या गेलेल्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले. जुनी यंत्रे बिघडत चालली आहेत आणि कॅसेटमधली फीतही काळाने खराब होते. त्या कॅसेटींत आता हयात नसलेल्या आईवडिलांचे हसणे आहे, काकांचे गाणे आहे. ते चित्रण आपलेच आहे आणि ते देण्यापासून आपल्याला कोणीही अडवू शकत नाही. चांगल्या माणसाकडून त्याच्या प्रती करून घ्याव्यात आणि एक प्रत बहिणीला, एक भावाला, एक परदेशी गेलेल्या पुतण्याला द्यावी.