गाडीखान्यातील माणूस

घराला लागून असलेल्या गाडीखान्याची, म्हणजे ज्याला आपण सर्रास गॅरेज म्हणतो त्याची, राहती खोली करावी काय, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आहे. अमरावती-अकोल्याकडील अनेक घरांत तो निघतो. वृद्ध वडिलांना जिना चढवत नाही. किंवा भाड्याची खोली शोधीत खेड्यातील एखादा विद्यार्थी दाराशी येतो. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ व अमरावतीस १९८३ साली विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा असे विद्यार्थी येणारच. मोटार उघड्यावर राहू शकते, मनुष्य राहू शकत नाही. मग तिची जागा त्यास दिली तर वावगे ते काय? वावगे काहीच नाही; परंतु त्याबरोबर कोणते ऋण आपण पत्करतो, याचा विचार सहसा होत नाही.

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर सांगितली आहे, गाडीखान्याची २.४ मीटर. घराचे जोते सभोवारच्या जमिनीहून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे; गाडीखान्यास १५ पुरतात. ही सवलत सकारण आहे. गाडी श्वास घेत नाही, ओलीने तिचे सांधे धरत नाहीत. मोटारीस माफ असलेले हे सेंटिमीटर माणसाचे मात्र देणे आहे. किमान मापाच्या गाडीखान्यात जोते ३० सेंटिमीटरांनी वाढवावे, तर उंची २.१ मीटरच उरते. म्हणजे छतच उचलावे लागते. ज्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे लोखंडी शटर व तापलेले बुटके छत यांमधील निवास म्हणजे काय, हे वऱ्हाडी वाचकांस सांगावयास नको. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतींना तडे ठरलेलेच.

कोणी म्हणेल, विद्यार्थी गरीब आहे व तो खुशीने राहतो. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण आपण गरजवंतास ऐकवितो; वास्तविक ती घरमालकाने ऐकावयाची आहे. नडलेल्याचा होकार हा आपल्या विवेकाचा दाखला होऊ शकत नाही. काटकसर रंगात करावी, फरशीत करावी. हवा, उजेड आणि कोरडी जमीन यांत करू नये.

आणखी एक बाजू आहे. बाहेर काढलेली मोटार कोठे उभी राहते? बहुधा सार्वजनिक रस्त्यावर. वाहनासाठी राखलेल्या जागेचा वापर बदलण्यास महानगरपालिकेची परवानगी लागते, ती एवढ्याचसाठी. शेजाऱ्याची वाट अडवून केलेले औदार्य हे शेजाऱ्याच्या खर्चाने केलेले औदार्य होय.

तेव्हा कसोटी एकच. ज्या खोलीत ऐन वैशाखात आपल्या व्याह्यांस उतरविण्यास आपण संकोचू, तेथे वडिलांस अगर विद्यार्थ्यास ठेवण्याचा अधिकार आपणास नाही. छत उचलणे, समोरासमोर खिडक्या काढणे, जोते वाढविणे हे साधत असेल तर खोली अवश्य करावी. साधत नसेल तर तळमजल्यावरील दिवाणखाना वडिलांस द्यावा आणि बैठक खुशाल गाडीखान्यात हलवावी. पाहुणे घटकाभर बसतात. वडिलांस तेथे रात्र काढावयाची असते.