पिलाचें बारसें

मराठींत ‘नांव ठेवणें’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत. एक बारशाचा व दुसरा निंदेचा. घरांत कुत्र्याचें नवें पिलूं आलें म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच वेळीं प्रत्ययास येतात. एकानें सुचविलेल्या नांवास दुसरा नांवें ठेवितो, आणि ज्याच्यासाठीं हा वाद चालतो तें पिलूं मात्र निवांतपणें चपलेचा अंगठा चावीत असतें. आपलें नांव मोती पडलें काय किंवा टायगर पडलें काय, त्याला दोन्ही सारखींच. तेव्हां नांव नेमकें कोणासाठीं ठेवावयाचें, व तें ठेवून आपण काय पत्करतों, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत जनावरांस नांवें देण्याची चाल जुनी आहे. कपाशीच्या शेतांत राबणाऱ्या बैलांना नांवें असतात, आणि पोळ्याच्या दिवशीं त्याच नांवांनीं हांक मारून त्यांस पुरणपोळीचा घांस देतात. कोंबड्यांस किंवा विकावयाच्या बकऱ्यांस मात्र सहसा कोणी नांव देत नाहीं. कारण उघड आहे. ज्याला नांव दिलें त्याच्या मानेवर सुरी फिरवितांना हात कचरतो. आंकडा मोजण्यासाठीं असतो, नांव हांक मारण्यासाठीं. आणि हांक ऐकून जो धांवत येतो त्याचें हांक मारणारा कांहीं तरी देणें लागतो.

या भेदाचें एक दारुण उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत घडलें. राळेगांव व पांढरकवडा या भागांत माणसें मारल्याचा ठपका जिच्यावर होता, त्या वाघिणीची वनखात्याच्या दप्तरीं नोंद ‘टी-१’ अशी होती. प्राणिप्रेमी मंडळींनीं तिला ‘अवनी’ म्हटलें. ता. २ नोव्हेंबर २०१८ रोजीं रात्रीं ती गोळी घालून मारली गेली. मागें तिचे दोन बछडे उरले. दप्तरांतली टी-१ मेली असती तर कदाचित् दोन ओळींची बातमी झाली असती. अवनी मेली म्हणून देशभर हळहळ झाली. येथपर्यंत नांवाचा महिमा. परंतु त्या वाघिणीच्या खात्यावर जे तेरा मृत्यु मांडले होते, त्या तेरा माणसांपैकीं किती जणांचीं नांवें हळहळणाऱ्यांस ठाऊक होतीं? त्यांचेंहि कोणी तरी बारसें केलेंच होतें. बाहेरच्या जगाला मात्र तीं माणसें आंकडा होऊन राहिलीं, आणि नांव वाघिणीला मिळालें. वाघिणीची दया येऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. नांव करुणेला जागें करितें, हा त्याचा गुणच होय. पण दूर बसून ज्यांनीं नांव दिलें त्यांना रात्रीं शेतावर जागलीस जावयाचें नव्हतें. ज्या नांवापायीं देणाऱ्याला कांहींच द्यावें लागत नाहीं, त्या नांवांत हौस अधिक व नातें थोडें.

याची दुसरी बाजूहि पाहण्यासारखी आहे. महाभारतांत आरंभीं जनमेजयाचे भाऊ सत्राच्या ठिकाणीं आलेल्या एका निरपराध कुत्र्यास मारतात, व त्याची आई सरमा त्यांस जाब विचारते; अखेरीस युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्यावांचून स्वर्गाच्या रथांत पाऊल ठेवण्याचें नाकारतो. पहिल्याची ओळख सरमेचा मुलगा एवढीच. दुसऱ्याला तर तीहि नाहीं. युधिष्ठिरानें त्याचें बारसें केलें नव्हतें. विश्वासानें जो मागें आला त्यास टाकावयाचें नाहीं, एवढ्याच गोष्टीवर त्याचा निर्धार उभा होता. म्हणजे कर्तव्य नांवांतून जन्मत नाहीं. नांव ही फार तर तें पत्करल्याची पोंचपावती होय.

मग कोणतेंहि नांव चालेल काय? आमच्या मतें नाहीं. शेजाऱ्याच्या किंवा विरोधकाच्या नांवानें कुत्र्यास पुकारण्यांत कित्येकांस गंमत वाटते. त्यांत कुत्र्याचें कांहीं बिघडत नाहीं. पण प्रेमानें मारावयाची हांक दिवसांतून दहा वेळां द्वेषाचा उच्चार होऊन बसते, आणि विटाळते ती मारणाऱ्याचीच जीभ. नांव देशी कीं विलायती, हा वाद मात्र आम्हांस पोकळ वाटतो. टॉमी हें नांव इंग्रजांबरोबर आलें व ते गेल्यावरहि राहिलें. आतां त्याला परकें म्हणण्यांत अर्थ नाहीं.

खरी परीक्षा बारशानंतर सुरू होते. हौसेनें आणलेलीं कित्येक पिलें मोठीं झालीं कीं गांवाबाहेर सोडून दिलीं जातात. त्यांना नांव असतें; त्या नांवानें हांक मारणारें कोणी उरत नाहीं. निनांवी जन्मलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यापेक्षां त्यांचें दैव कठोर, कारण त्यांना वाट पाहावयास आपणच शिकविलेलें असतें. म्हणून नांव निवडतांना अर्थ किंवा नादमाधुर्य यांपेक्षां एवढेंच पाहावें: दहा-बारा वर्षांनीं तें जनावर म्हातारें व आंधळें झालें, अंगणांत घाण करूं लागलें, तरी हीच हांक याच सुरांत आपल्याला मारतां येईल काय? मनापासून होय म्हणवत असेल, तर मोती म्हणा, वाघ्या म्हणा, तें नांव त्याला शोभेल.